आष्टीचा कोरा रुपया

जालना जिल्हा वेगळा झाला त्याच साली भुजंगराव जिगे नोकरीतून निवृत्त झाले. अंबडच्या तिजोरी कचेरीत त्यांनी उभा जन्म काढला होता. निजामाच्या राज्यात मिसरूड फुटायच्या वयात ते तिथं नाणी पारखायला बसले. पुढं राज्य बदललं, सिक्का बदलला, आणे जाऊन नवे पैसे आले, तरी ते त्याच जाळीच्या खिडकीमागं बसून राहिले. नाणं फरशीवर टाकायचं, आवाज ऐकायचा आणि खरं की खोटं ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांनी खोटं म्हटलेलं नाणं कुणी पुन्हा पुढं केलं नाही.

निजामाचा हाली सिक्का बंद झाला तेव्हा गावोगावचे रुपये कचेरीत पोत्यांनी परत आले. भुजंगरावांनी आपल्या पगारातून तेवढेच पैसे भरून त्यातले निवडक रुपये घरी आणले. एकही फुकट उचलला नाही. तिथून त्यांना हा नाद लागला, तो मरेपर्यंत सुटला नाही.

मी लग्न होऊन त्यांच्या समोरच्या घरात आले. सासूबाईंनी मला पाया पडायला नेलं. भुजंगराव ओट्यावर पाट टाकून बसले होते, पुढ्यात जाड पंचा अंथरलेला, त्यावर नाणी. मी वाकले, उठले. त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाले, "चालतं."

सासूबाई हसल्या. मला काही कळलं नाही. दारात त्यांची मुलगी शिवकन्या उभी होती, माझ्याच वयाची. तिनं मला नंतर विहिरीवर समजावून सांगितलं. भुजंगरावांचे चार लाकडी खोके होते आणि प्रत्येक नाण्याला त्यातल्या एकात जागा होती. पहिला खोका कोऱ्या नाण्यांचा. कोरं म्हणजे टाकसाळीतून निघाल्यावर कुणाच्या हातात न फिरलेलं. ते उजेडात तिरकं धरलं की झळाळी त्याच्यावरून गोल फिरते. दुसरा ठसठशीत नाण्यांचा, फिरलेली पण अक्षर न् अक्षर उभं असलेली. तिसरा चालत्या नाण्यांचा. त्यांच्यावरचा चारमिनार ओळखू येतो, पण मिनारांचे शेंडे बसलेले असतात. चौथा घासलेल्यांचा.

"म्हंजी मी तिसऱ्या खोक्यातली," मी म्हणाले.

"तुला तिसरा तरी दिला," शिवकन्या म्हणाली. "माझी माय चौथ्यात हाय."

तिची माय, गोजरबाई, हे रोज ऐकत होती. पोळी करपली, पाणी सांडलं, दार उघडायला उशीर झाला, की भुजंगराव शांतपणे म्हणायचे, "घासलेलं नाणं. आवाज येणार कुठून?" ते कधी ओरडत नसत. हात तर त्यांनी कुणावरच उगारला नाही. थोरला मुलगा रामकिसन जालन्याला बियाणांच्या कंपनीत लागला आणि सणावारालाच घरी येऊ लागला. घरात राहिल्या त्या दोघी.

शिवकन्या लहानपणी बापाची फार लाडकी होती. ती सात वर्षांची असल्यापासून त्यांनी तिला नाणी शिकवली. हात धुऊन कोरडे करायचे. खाली पंचा अंथरायचा, म्हणजे नाणं हातातून सुटलं तरी त्याला इजा होत नाही. धरायचं ते कडेलाच, दोन बोटांत. अंगठा चेहऱ्यावर टेकवायचा नाही, बोटांचा घाम धातू खातो. आणि नाणं कधी धुवायचं नाही, घासायचं तर मुळीच नाही. त्या वयात एका दिवाळीला तिनं बापाला खूश करायला एक काळं पडलेलं तांब्याचं नाणं चिंचेनं लख्ख केलं आणि नेऊन दाखवलं. भुजंगरावांनी ते हातात घेतलं, पाहिलं. जेवायला बसल्यावर तिच्या ताटात पोळीच्या जागी ते नाणं ठेवलं आणि म्हणाले, "खा." गोजरबाईनं मधे पडून पाहिलं. त्या दिवशी शिवकन्येला दुसरं काही वाढू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला पुन्हा जवळ बसवून शिकवायला सुरुवात केली, जसं काही घडलंच नाही.

तिची नजर बापापेक्षा बारीक झाली. गर्दीत फिरलेल्या शंभर रुपयांतून एक ठसठशीत ती नुसत्या नजरेनं काढायची. भुजंगराव पाहुण्यांना सांगायचे, "पोरगी कोरी हाय आणि नजरही कोरी."

ती सोळाची असताना तिच्या मानेवर, वेणीखाली, पांढरा डाग निघाला. गोजरबाईनं तो हळूच नवऱ्याला दाखवला. भुजंगरावांनी पोरीला अंगणात उन्हात बसवलं, वेणी बाजूला सारली आणि नाण्यांचं भिंग लावून तिची मान बराच वेळ पाहिली. शेजारीपाजारी येत-जात होते.

"कोड हाय," ते म्हणाले. "वाढणार." भिंग पुसून डबीत ठेवलं. त्या दिवसापासून पाहुण्यांसमोर त्यांनी तिला कोरी म्हटलं नाही. पण नाणी लावायला मात्र ती रोज लागायची.

*

मच्छिंद्र बागल मूळचा आष्टीचा, अंबडजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर. जुनी नाणी जमवायचा त्याला शौक, पण ज्ञान बेताचं. कुणीतरी भुजंगरावांचं नाव सांगितलं म्हणून एका रविवारी आला. भुजंगरावांनी त्याची पिशवीभर नाणी पंच्यावर ओतली आणि झराझरा बाजूला सारली. घासलेलं, घासलेलं, खोटं, चालतं, घासलेलं. मास्तरचा चेहरा उतरत गेला. मग त्यानं खिशातून रेशमी चिंधीची पुरचुंडी काढली.

"हा एक हाय घरातला. माझ्या आजोबांच्या बारशाला त्यांच्या मामानं घातला होता. पणजीनं चिंधीत शिवून ठेवला, तो मीच उसवला."

चारमिनारचा रुपया होता. शेवटचा निजाम गादीवर आल्यानंतरच्या सुरुवातीच्या सालातला, मधल्या दरवाजात त्याच्या नावाचं पहिलं उर्दू अक्षर, 'ऐन'. साल काही दुर्मिळ नव्हतं, तसले रुपये भुजंगरावांच्या तिसऱ्या-चौथ्या खोक्यात कितीतरी होते. पण हा सत्तर वर्षं कुणाच्याच हाताला लागला नव्हता. भुजंगरावांनी तो तिरका धरला आणि झळाळी त्याच्यावरून गोल फिरली. त्यांनी तो पुन्हा पुन्हा तिरका धरून पाहिला. शिवकन्येनं दारातून ते पाहिलं.

"बरा हाय," भुजंगराव म्हणाले आणि रुपया परत केला.

'बरा' नावाचा खोकाच नव्हता. मास्तर निघाला तेव्हा शिवकन्या अंगणात धुणं काढत होती. त्याच्याकडं न पाहता ती म्हणाली, "कोरा हाय तो. या सालाचा असा आमच्या घरात एक बी न्हाई. कुणाला देऊ नका."

पुढच्या रविवारी मास्तर पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही आला. भुजंगराव त्याला शिकवत, तो मान डोलवत असे आणि नजर दाराकडं. आमच्या ओट्यावरून ते सगळं दिसायचं. एकदा शिवकन्येनंच त्याला विहिरीजवळ गाठलं आणि वेणी बाजूला करून मान दाखवली. "पाठीवर बी हाय," ती म्हणाली. "आता येऊ नका म्हटलं तरी चालंल."

मच्छिंद्र म्हणाला, "मी नाणी पाहायला येऊन राह्यलो असं वाटलं का तुला?"

हे तिनं मला त्याच दिवशी सांगितलं. सांगताना ती हसत होती आणि हसू आवरत नव्हतं. मी तिला तशी पुन्हा कधी पाहिली नाही.

मास्तरनं मागणी घातली. भुजंगराव लगेच हो म्हणाले. सगळ्या गल्लीला नवल वाटलं. आष्टीहून मच्छिंद्रचे आईवडील आले, सुपारी फुटली, शिवकन्येच्या कपाळाला कुंकू लागलं. डागाची गोष्ट मच्छिंद्रनं घरी सांगितली नव्हती. "लग्न झाल्यावर कळंल तवा कळंल," तो म्हणायचा. "माय चार दिवस बोलंल, मंग गप बसंल."

सुपारीच्या दिवशी पाहुणे उठता उठता भुजंगराव जावयाला म्हणाले, "मास्तर, मी हुंडा देत न्हाई, मागत बी न्हाई. पण तो रुपया शाळेच्या खोलीत ठेवू नका. तिथं ओल येते. इथं ऱ्हाऊ द्या."

मच्छिंद्रनं खिशातली पुरचुंडी त्यांच्या हातावर ठेवली. "तुमचाच समजा, आबा."

भुजंगरावांनी तो पहिल्या खोक्यात ठेवला.

संक्रांत झाली आणि आष्टीहून एक नातेवाईक आला. त्यानं साडी, नारळ, सगळं परत आणून ओट्यावर ठेवलं. मच्छिंद्रची आई झुंबरबाई हिनं निरोप पाठवला होता : पोरीला कोड असल्याचं कळलं, सोयरीक मोडली. तिला रुपयाचं ठाऊक असेल तरी तो मागायची भीड पडली असावी. भुजंगरावांनी नातेवाइकाला चहा पाजला आणि वाटेला लावला.

शिवकन्येला वाटलं, कुणीतरी चुगली केली. तिनं गल्लीतल्या एकेकीचा चेहरा पारखून पाहिला. माझाही पाहिला. तिला जे ठाऊक होतं ते मलाही ठाऊक होतं, त्यामुळं तिचा संशय येणं साहजिक होतं. तिनं माझ्याशी बोलणंच टाकलं.

मच्छिंद्र एकदा आला. दारातच उभा राहिला. भुजंगराव म्हणाले, "आईबापाला संगं आणा मास्तर. एकट्यानं सोयरीक होत न्हाई." मच्छिंद्र म्हणाला, माय विहिरीत उडी टाकते म्हणून राह्यली. मग तो शिवकन्येकडं वळला. "शिवकन्या, मी..." एवढं म्हणून थांबला. ती वाट पाहत उभी राहिली. तो स्टँडकडं निघून गेला. वर्षाच्या आत परतूर तालुक्यात बदली करून घेतली आणि लग्नही केलं.

*

गोजरबाई पुढं तीन-चार वर्षांनी गेली. पोटात गाठ होती, उपचार नव्हता. शिवकन्या तिचं सगळं करत होती. एका दुपारी भुजंगराव बाहेर गेले असताना माय तिला म्हणाली, "पोरी, एक सांगते. सांगितल्याबिगर जीव जाणार न्हाई माझा. आष्टीला तुझा बापच गेल्ता."

शिवकन्येला आधी समजलंच नाही.

"सकाळच्या गाडीनं गेल्ते. धुतलेलं धोतर नेसून. त्या झुंबरबाईच्या वसरीत बसून म्हणले, पोरीला कोड हाय, मी लपवणार न्हाई, खोटं नाणं चालवणारा माणूस मी न्हाई. रात्री इथं येऊन जेवले. मला सगळं सांगितलं आन् म्हणले, बोललीस तर घराबाहेर काढीन."

"का पण?" शिवकन्या म्हणाली. "त्यांनीच तर हो म्हटलं होतं."

"औरंगाबादच्या डॉक्टरनं सांगितलं होतं त्यान्ला. काचबिंदू. डोळे जाणार म्हणून. तू गेल्यावर त्यान्ला कोण नाणी सांगणार होतं?"

शिवकन्येला एकेक गोष्ट आठवली. बाप उंबऱ्याला अडखळायचे, बाजूनं आलेला माणूस त्यांना दिसत नसे, ताटातली वाटी चाचपावी लागे. पण भिंगाखालचं नाणं मात्र बराबर दिसे. तो आजार असाच असतो, नजर कडेनं जाते आणि मधली शेवटपर्यंत राहते. तिला वाटायचं, आबांचं लक्ष नाण्यांत असतं म्हणून ते अडखळतात.

मायचं तेरावं झालं त्या दिवशी तिनं बापाला विचारलं. मी तिथंच होते, भांडी आवरत.

"तुम्ही आष्टीला गेल्ते?"

"गेल्तो." भुजंगराव जराही दचकले नाहीत. "खोटं काय बोललो मी तिथं?"

"त्याला ठाऊक होतं. मी त्याला सांगितलं होतं."

"त्याच्या मायबापाला न्हवतं. उद्या त्यांनी मला लबाड म्हटलं असतं. आन् पाहिलं न्हाई का, मायनं डोळे वटारले तर मास्तर पळाला. तसला माणूस चौथ्या खोक्यातला. मी तुझं भलंच केलं."

"आन् रुपया?"

"तुमचाच समजा म्हणला होता. मी समजलो."

ही गोष्ट हळूहळू गल्लीत पसरली. मला वाटलं, लोक थुंकतील. लोक म्हणाले, भुजंगराव म्हणजे सरळ माणूस, स्वतःच्या पोरीचं व्यंगसुद्धा झाकलं नाही. आमच्या सासूबाईही तेच म्हणाल्या. शिवकन्येनं मायच्या तेराव्यापासून माझ्याशी पुन्हा बोलायला सुरुवात केली होती. आधीच्या संशयाबद्दल ती काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

ती घर सोडून गेली नाही. कुठं जाणार होती? रामकिसनच्या बायकोनं स्पष्ट सांगितलं होतं, घरात लहान लेकरं आहेत, हिचा डाग नको. डागाचा लेकरांना काहीही धोका नसतो, पण ते त्या बाईला कोण सांगणार. डाग आता शिवकन्येच्या हातांवर आणि ओठांच्या कडेला आले होते. हळदीकुंकवाला तिला बोलावणं येईना. मी बोलावलं की बाकीच्या बायका लवकर उठायच्या.

*

भुजंगरावांची नजर पुढच्या तीन वर्षांत पूर्ण गेली. डोळ्यांत टाकायचं औषध त्यांनी नेमानं घातलं नव्हतं. गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टरनं सांगितलं होतं, मग खर्च कशाला, म्हणायचे. दुपारी जेवण झालं की ओट्यावर बसायचे, शिवकन्या खोके आणायची आणि एकेक नाणं हातात घेऊन सांगायची. साल कोणतं, अक्षरं कशी, झळाळी किती. ते ऐकायचे, प्रश्न विचारायचे. तिनं चूक केली की त्यांना आठवणीवरून कळायचं.

पण ऐकण्यानं भागेना. एक दिवस ते म्हणाले, "आष्टीचा रुपया दे हातात."

तिनं दिला. त्यांनी कडेलाच धरला, दोन बोटांत, जसा धरायला हवा तसा. थोड्या वेळानं अंगठा हळूच आत सरकला. चारमिनारवरून फिरला. एक मिनार, दुसरा, मधला दरवाजा, दरवाजातलं ऐन. भुजंगरावांचा चेहरा उजळला. अंगठ्याला सगळं दिसत होतं.

"आबा, अंगठा," असं म्हणायला शिवकन्येनं तोंड उघडलं. मग मिटलं.

हे तिनंच मला पुढं सांगितलं, अगदी याच शब्दांत. म्हणाली, "मी ठरवून काही केलं न्हाई बाई. फक्त बोलले न्हाई."

पुढं रोज दुपारी तो रुपया त्यांना लागायचा. जेवण झालं की हात पुढं यायचा. बोटांना भाजीचा तेलकटपणा असायचा. अंगठ्यानं घासून घासून तो ओशट वाटला की धोतराच्या सोग्यानं पुसायचे आणि पुन्हा घासायचे. बोलता बोलता, झोपेच्या गुंगीत, पाहुणा आला तरी. उन्हाळे गेले, पावसाळे गेले. झळाळी तर पहिल्या काही महिन्यांतच गेली. मग अक्षरांच्या कडा मऊ झाल्या. मग मिनारांचे शेंडे बसले. अंगठाही म्हातारा झाला होता, त्याची कातडी जाड झाली होती. त्याला वाटायचं, आपल्यालाच कमी जाणवतंय.

"उजेड फिरतो का गं त्याच्यावरून?" ते विचारायचे.

"फिरतो."

"कोराच हाय ना?"

"कोराच हाय."

मी एकदा तिला म्हटलं, "अगं, सांग त्यांना. म्हाताऱ्या माणसाचा एवढा एकच आनंद."

ती तांदूळ निवडत होती. खाली पाहूनच म्हणाली, "मी कुठं त्यांचा आनंद हिरावून राह्यले? उलट रोज हातात देते."

*

औरंगाबादचे साहेबराव म्हणून एक मोठे नाणेसंग्राहक होते. त्यांच्या कानावर त्या रुपयाची कीर्ती गेली होती, कारण भुजंगराव येईल-जाईल त्याला सांगायचे की हाली सिक्क्याचा असा कोरा रुपया मराठवाड्यात दुसरा नाही. साहेबराव मुद्दाम पाहायला आले. भुजंगरावांनी त्या दिवशी न्हाव्याला बोलावून दाढी करवून घेतली, धुतलेलं धोतर नेसले. मला हाक मारली, "सूनबाई, ये, तू बी पाहा. पारखी माणूस आलाय."

शिवकन्येनं पंचा अंथरला, खोका आणला. साहेबरावांनी हात पुसले, रुपया कडेला धरला, भिंग लावलं. एकदा पाहिलं. उलटा करून पाहिलं. भिंग खाली ठेवलं.

"चांगला हाय," ते म्हणाले.

"चांगला?" भुजंगराव हसले. "साहेबराव, बिलकुल कोरा म्हणा. भिडंचं कारण न्हाई."

साहेबरावांनी शिवकन्येकडं पाहिलं. सभ्य माणूस होता. आंधळ्या म्हाताऱ्याला काय सांगावं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. त्यानं नजरेनंच तिला विचारलं. तिनं हो म्हणून मान हलवली असती तर तो खोटं बोलला असता आणि चहा पिऊन निघून गेला असता.

"खरं सांगा," शिवकन्या मोठ्यानं म्हणाली. "आबांना खोटं चालत न्हाई."

मग साहेबरावांना सांगावं लागलं. मिनारांचे शेंडे गेलेत. ऐन पुसट झालंय. झळाळी नाही, बारीक ओरखडे आहेत. "चालता रुपया हाय," ते म्हणाले. "असे बाजारात पुष्कळ मिळतात."

भुजंगराव ताडकन उठले, पाटाला अडखळले, भिंतीला धरलं. "बदलला! शिवे, तू रुपया बदलला! कुणाला इकला?"

"बदलला न्हाई. तोच हाय."

"खोटं! तो कोरा होता. मी पाहिला होता माझ्या डोळ्यानं!"

"होता. तुम्ही घासला, आबा. रोज जेवल्यावर, अंगठ्यानं. मी समोर बसलेली असायचे."

भुजंगराव भिंतीला धरूनच उभे होते. ते म्हणाले, आवाज एकदम बारीक झाला होता, "मंग मला सांगितलं का न्हाई?"

"तुम्ही मला सांगितलं होतं का, आष्टीच्या गाडीत बसताना?"

ते खाली बसले. रुपया मागितला. साहेबरावांनी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी अंगठा फिरवला. दरवाजा शोधला, ऐन शोधलं, पुन्हा शोधलं. मग त्यांनी तो रुपया तोंडाजवळ नेला आणि जिभेच्या टोकानं चाचपू लागले. अक्षर कुठं लागतंय का, म्हणून. लाळ हनुवटीवर आली. साहेबराव दुसरीकडं पाहू लागले. मी घरी निघून आले, मला ते बघवेना. शिवकन्या तिथंच बसून होती. पंच्याची घडीसुद्धा तिनं नंतर नीट घातली.

त्यानंतर भुजंगरावांनी तो रुपया कधी मागितला नाही. पण दुसराच घोर लागला. बाकीचे खोके कसे असतील? ते विचारायचे, "पहिल्या खोक्यातले बाकीचे बराबर हायेत ना?" ती म्हणायची, "हायेत." आणि त्यांना ते खरं की खोटं, कळायचा मार्ग नव्हता. याच आवाजानं इतकी वर्षं कोरा, कोरा म्हणून सांगितलं होतं. ते रडायचे, चिडायचे, परत विचारायचे. ती प्रत्येक वेळी त्याच सुरात म्हणायची, "हायेत."

मला बोलावून घ्यायचे. "सूनबाई, तू पाहून सांग गं. झळाळी फिरती का?" मला त्यातलं काय कळतंय? मी म्हणायचे, "दिसतंय बरं, आबा." ते मान हलवायचे. त्यांना ठाऊक होतं, मी चालतं माणूस.

खरं म्हणजे बाकीची नाणी होती तशीच होती. शिवकन्या त्यांना दर आठवड्याला कोरड्या कापडावर काढून, कडेला धरून, वारा देऊन परत ठेवायची. तिनं एकालाही धक्का लावला नव्हता. मी म्हटलं, "मग साहेबरावांनाच परत बोलाव ना एकदा. त्यांच्या तोंडून ऐकतील, शांत होतील."

"कशाला?" ती म्हणाली. "शांत व्हायला?"

भुजंगराव दोन हजार सालच्या उन्हाळ्यात गेले. शेवटचे आठ दिवस शुद्ध नव्हती, अंगठा मात्र तर्जनीवर सारखा फिरत होता. तिनं त्यांना भरवलं, पुसलं, कूस वळवली, पाठीला जखम होऊ दिली नाही. त्यात काही कमी केलं नाही. तिचं बोट धरूनच ते गेले. तिनं ते बोट लगेच सोडवून घेतलं आणि आम्हाला हाक मारली.

रामकिसन आला, दिवस केले, खोके साहेबरावांना देऊन टाकले. पुढं समाजाच्या मेळाव्यात शिवकन्येचा सत्कार झाला. लग्न न करता आंधळ्या बापाची सेवा करणारी मुलगी, असं कुणीतरी भाषणात म्हणालं, टाळ्या पडल्या. तिनं शाल आणि नारळ घेतला, नमस्कार केला, खाली येऊन माझ्या शेजारी बसली. तिचा चेहरा कोरडा होता. मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"उकडतंय," ती म्हणाली आणि शाल काढून मांडीवर घेतली.

तो आजार घराण्यात उतरतो असं डॉक्टर म्हणतात, म्हणून ती दरवर्षी जालन्याला डोळे तपासायला जाते. गेल्या खेपेला मी सोबत होते. डॉक्टरनं डोळ्यांत थेंब टाकले, यंत्र लावलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, तुमची नजर छान आहे, कडेची पण. परतीच्या गाडीत थेंबांमुळं तिला अंधुक दिसत होतं. शेजारच्या बाकावर एक तरुण पोरगी बसली होती, तिच्या हातावर पांढरा डाग होता आणि तो ती ओढणीखाली लपवत होती. मी शिवकन्येला कोपरानं खुणावलं. मला वाटलं, ती त्या पोरीशी काही तरी बोलेल, दोन धीराचे शब्द.

शिवकन्येनं डोळे बारीक करून तिच्याकडं पाहिलं, नीट, वरपासून खालपर्यंत.

"वाढणार," ती म्हणाली, आणि खिडकीकडं तोंड करून बसली.